साठ खुर्च्यांच्या रंगमंचाला बारचा परवाना नको, स्वतःचा हवा

प्रति,
मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील सर्व जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्त

विषय: छोटे रंगमंच, कलादालने आणि कलाकार्यशाळा यांच्यासाठी बिअर-वाइनचा मर्यादित परवाना स्थानिक पातळीवर मिळण्याबाबत.

महोदय,

मी एक छोटा रंगमंच चालवते. जुन्या छापखान्याच्या जागेत साठ खुर्च्या, काळे पडदे, वर लोखंडी पाइपांवर टांगलेले दिवे. पुढच्या खोलीत चित्रं लावायला दोन भिंती. शनिवार-रविवारी प्रायोगिक नाटकं, एकल प्रयोग, कवितावाचन, कधी गाण्याची बैठक. मधल्या वारी तालमी आणि मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचे, मातीकामाचे वर्ग. अशा जागा आता राज्यातल्या बऱ्याच शहरांत उभ्या राहिल्या आहेत. कुणी गोदामात काढली, कुणी वाड्याच्या माडीवर, कुणी वडिलांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात एकेकाळी जे घडलं, त्याचीच ही पुढची पिढी आहे असं मी मानते.

हे पत्र दारूच्या परवान्याबद्दल आहे. या विषयावर जाहीर बोलायला मराठी माणूस कचरतो, नाटकवाले तर जास्तच. म्हणून म्हणणं आधीच सांगून टाकते. कला आणि दारू यांच्यात अंतर राहावं म्हणून केलेल्या तुमच्या नियमांनी प्रत्यक्षात कलेला बारमध्ये नेऊन बसवलं आहे. शंभर खुर्च्यांच्या आतल्या कलाजागांसाठी बिअर आणि वाइनपुरता, ठरावीक वेळेचा, खुर्च्यांच्या संख्येवर शुल्क असलेला वेगळा परवाना द्या, आणि त्याची सुनावणी वॉर्डाच्या पातळीवर करा.

आधी पैशाचं सांगते, कारण गाडी तिथेच अडते. तिकीट २५० रुपये. हाउसफुल्ल झालं तर गल्ला १५,०००. आमच्याकडे ७०-३० वाटणी आहे: ७० टक्के नाट्यसंस्थेला, ३० टक्के जागेला. म्हणजे साठच्या साठ खुर्च्या भरल्या तर जागेच्या हातात ४,५०० रुपये पडतात. त्यात वीज, एसी, लाइट ऑपरेटर, सफाई, आणि उरलं तर भाडं. प्रायोगिक नाटकाला हाउसफुल्लचा बोर्ड रोज लागत नाही. निम्म्या खुर्च्या भरल्या तरी आम्ही समाधानी असतो, आणि त्या दिवशी हातात २,२५० येतात. तिकीट वाढवा, असं सुचवणारे भेटतात. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही सवलत चांगलीच आहे. पण ज्यांच्यासाठी जागा काढली ती कॉलेजची मुलं, नुकते नोकरीला लागलेले, निवृत्त शिक्षक, हे तिकीट ३०० च्या पुढे गेलं की यायचे थांबतात.

जगभरातल्या अनेक छोट्या रंगमंचांना तिकिटासोबत मध्यंतरातल्या आणि प्रयोगानंतरच्या काउंटरनेही हात दिला आहे. आमचा काउंटर चहा, कॉफी आणि बटाटेवड्याचा. प्रयोग संपला की नट आणि प्रेक्षक दोन गल्ल्या पलीकडच्या परमिट रूममध्ये जातात आणि नाटकावरची खरी चर्चा तिथे होते. आम्ही दिवे मालवून खुर्च्या रचत असतो.

आता बारमध्ये काय चाललं आहे तेही बघा. माझी एक मैत्रीण चित्रकार आहे, उत्तम शिक्षिका आहे. सध्या तिची सगळ्यात चालणारी कार्यशाळा म्हणजे ‘पेंट अँड सिप’: दोन तास रंगवायचं, सोबत एखादा ग्लास वाइन. ही कार्यशाळा ती माझ्या चित्रवर्गाच्या खोलीत घेऊ शकत नाही, कारण खोलीला परवाना नाही. म्हणून ती एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर घेते. मी एकदा तिच्या मदतीला गेले होते. जेवणाच्या टेबलांवर वर्तमानपत्रं पसरून सेलोटेपने चिकटवलेली, त्यावर छोटे ईझल. तिच्या डोक्यावर टीव्ही, त्यात आवाज बंद केलेली क्रिकेटची मॅच. शेजारी बारच्या काउंटरवर मिक्सर सुरू झाला की ती वाक्य अर्धवट सोडून थांबायची. आकाशाचा निळा खाली उतरताना पातळ कसा करायचा हे ती दाखवत होती आणि निम्म्या लोकांना ऐकूच येत नव्हतं. साडेसातला मॅनेजर येऊन सांगून गेला, आठला टेबलं रिकामी लागतील. अ‍ॅक्रिलिक असलं तरी जाड थर वाळायला वेळ लागतो. लोक ओले कॅनव्हास आडवे धरून तो अरुंद जिना उतरले. फीमधला मोठा वाटा जागेला गेला, आणि पुढच्या खेपेला ‘माणशी किमान ऑर्डर’ ठेवू, असं मालकाने वर सांगितलं.

हेच कवितेचं, गझलेचं, स्टँडअपचं आणि स्वतःची गाणी म्हणणाऱ्या पोरांचं. ज्याच्याकडे परवाना, त्याच्याकडे जागा. मग कार्यक्रम किती वेळ चालणार, आवाज किती, तिकिटाऐवजी कव्हर चार्ज का, हे सगळं बारमालक ठरवतो. त्याला दोष द्यायचं कारण नाही, त्याचा धंदा प्यायला घालायचा आहे आणि तो प्रामाणिकपणे तेच करतो. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिली कविता वाचायला शहरात बारशिवाय माईक मिळत नसेल, तर दारूबंदी कायद्याच्या हेतूचं काय झालं याचा विचार तुम्ही करायला हवा.

मुळात १९४९ च्या कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, दारू निषिद्ध आहे आणि परवाना हा अपवाद. पुढे राज्यघटनेच्या कलम ४७ नेही राज्याला दारूबंदीकडे जायला सांगितलं. हा पाया बदला असं मी म्हणत नाही. तक्रार आहे ती अपवादांच्या मापाबद्दल. बसून पिण्यासाठीचा मुख्य परवाना म्हणजे एफएल-३, आपला परमिट रूमचा. तो हॉटेल-रेस्टॉरंट डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला आहे. त्याचं वार्षिक शुल्क शहराच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरतं आणि मोठ्या शहरांत ते काही लाखांत जातं. म्हणजे तीनशे माणसांचा मजला असो की साठ खुर्च्यांचा रंगमंच, शहर एक तर टप्पा एक. आठवड्यातले सातही दिवस दुपारपासून रात्रीपर्यंत विकणारा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दोन तास एखाद-दुसरा ग्लास देणारा, दोघे तराजूच्या एकाच पारड्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारमधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या हॉटेल-बारवाल्यांनी बंद पाळला. ज्यांचा धंदाच दारूचा, त्यांना हे झेपत नसेल तर आम्ही त्या दारात उभं राहण्याचा प्रश्नच नाही.

एकदिवसीय परवाना आहे ना, असं मला अनेकांनी सांगितलं. आहे. लग्नाला, वाढदिवसाला, थर्टी फर्स्टला तो ठीक आहे. ज्याच्याकडे दर आठवड्याला प्रयोग आणि दर महिन्याला नवं प्रदर्शन, त्याने प्रत्येक संध्याकाळी नवा समारंभ असल्यासारखा अर्ज करत राहायचं, हे काही धोरण म्हणता येणार नाही.

दारूच्या बाजूने हे असं. करमणुकीच्या बाजूने वेगळं दार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली १९६० मध्ये झालेले नियम आजही कार्यक्रमांच्या परवान्याचा आधार आहेत. त्या नियमांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे यांच्यासोबत कॅबरेही बसवलेला आहे. नाटकाच्या संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं. अग्निशमनाचा दाखला वेगळा, खाद्यपदार्थांचा परवाना वेगळा. एका कार्यालयात अर्ज भरताना समोरच्या कर्मचाऱ्याने मला विचारलं, “ऑर्केस्ट्रा आहे का? मुली किती?” मी म्हटलं, एकपात्री प्रयोग आहे, नटी एक. त्याने रकान्यात ‘१’ लिहिलं. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर नाटकाला जागाच नव्हती, ऑर्केस्ट्रा बारला होती.

तो रकाना कुठून आला हेही आपल्याला माहीत आहे. २००५ मध्ये डान्स बार बंद झाले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, २०१६ मध्ये नवा कायदा आला, २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुषच, ही अट फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहिली, पण त्यात किती बाया आणि किती पुरुष हे सरकार ठरवू शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. वीस वर्षं राज्याने आपली सगळी बुद्धी मोठ्या बारमधल्या मंचावर कोण उभं राहील यात खर्च केली. छोटा रंगमंच या सगळ्यात कुणाच्या नजरेलाच पडला नाही.

मोडनिंब, चौफुला, जामखेडच्या कलाकेंद्रांबद्दल, म्हणजे लावणीच्या बैठका होतात त्या जागांबद्दल, इथे बोलायलाच हवं. तिथल्या संगीतबारीतल्या बायका हा महाराष्ट्रातला जुना, स्वतःच्या पायावर उभा असलेला छोटा कलाव्यवसाय आहे. कलेच्या जागी दारू शिरली की सोसावं कुणाला लागतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून माझ्या मागणीतल्या काही अटी मी त्यांचा विचार करून घातल्या आहेत. प्रयोग सुरू असताना प्रेक्षागृहात ग्लास जाणार नाही. मंचावरचा कलाकार काउंटरवर उभा राहणार नाही आणि काउंटरच्या विक्रीतला हिस्सा त्याच्या मानधनाशी जोडला जाणार नाही. कलाकारावर पैसे उधळणं बंद, एकदाही झालं तर परवाना गेला. आणि ज्या जागेला परवाना नको आहे तिला तो घ्यायला भाग पाडणारा कोणताही फायदा सरकारने दुसरीकडे जोडू नये. कलाकेंद्रांचे परवाने आणि तिथल्या कलावंतांची सुरक्षितता हा स्वतंत्र, मोठा विषय आहे. तो या परवान्याखाली दडपला जाऊ नये.

आता विरोधाबद्दल, आणि हा विरोध मला मनापासून समजतो. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा तिथल्या बायका किती कळवळून बोलल्या ते आपण पाहिलं. २००८ च्या आदेशाने वॉर्डातल्या किंवा गावातल्या पंचवीस टक्के स्त्री मतदारांना किंवा तितक्याच एकूण मतदारांना मागणी करून मतदान घेता येतं, आणि कौल बंदीच्या बाजूने पडला तर दुकान बंद होतं. आडवी बाटली, म्हणजे त्या मतदानातली बंदीची खूण, हे या राज्यातल्या बायकांनी लढून मिळवलेलं हत्यार आहे. माझ्या परवान्यालाही ते लागू असावं. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की हाउसिंग सोसायटीतल्या बिअर आणि दारूच्या नव्या दुकानाला सोसायटीची ना हरकत लागेल. तेही मला मान्य आहे. शेजाऱ्याला न विचारता काढलेला रंगमंच तसाही फार दिवस टिकत नाही, त्यांच्याच मुली आमच्या चित्रवर्गाला येतात.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली आणि केवढा गदारोळ झाला ते आठवा. माझ्या मते त्यात चूक ही होती की वाइन हा फक्त विकण्याचा माल धरला गेला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षशेतकऱ्याचं हित पुढे केलं गेलं, पण ती बाटली कुठे उघडणार, किती वाजता, कुणाच्या देखत, याचा विचारच नव्हता. माझी मागणी नेमकी त्या शेवटच्या तीन गोष्टींची आहे. घरी न्यायला बाटली नाही. कडक दारू अजिबात नाही. उघडायची ती जागेवर, तिकीट काढून आलेल्यासाठी, प्रयोगाच्या अर्धा तास आधीपासून प्रयोगानंतर एक तासापर्यंत, आणि रात्री साडेदहाला काउंटर बंद. वयाचा दाखला दाखवल्याशिवाय काही मिळणार नाही.

बाहेर हे कसं करतात ते थोडक्यात लिहिते, कारण तिथेही आधी चुका झाल्या आणि मग सुधारल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग कायदा नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि परवान्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलकडे आला. कौन्सिलने पाहायच्या गोष्टी चारच: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणं, मुलांचं रक्षण. अर्जाचं शुल्क इमारतीच्या करमूल्यानुसार पाच टप्प्यांत, सर्वांत लहान जागेला १०० पौंड, नेहमीच्या सर्वांत वरच्या टप्प्याला ६३५. अधूनमधून कार्यक्रम करणाऱ्याला २१ पौंड भरून कामाचे दहा दिवस आधी सूचना द्यायची सोय आहे, ४९९ माणसांपर्यंत. पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य विभाग हरकत घेऊ शकतात, हरकत नसेल तर कार्यक्रम होतो. या कायद्याने सुरुवातीला छोट्या पबमधल्या गाण्यालाही परवान्याच्या जाळ्यात ओढलं होतं. त्याचा फटका दिसला तेव्हा २०१२ मध्ये वेगळा लाइव्ह म्युझिक कायदा करून लहान मैफलींना सूट दिली गेली, आणि नंतर ती मर्यादा २०० प्रेक्षकांवरून ५०० वर नेली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २००९ मध्ये करमणुकीच्या जागेचा वेगळा परवाना रद्दच केला, पुढे छोट्या बारसाठी ६० माणसांपुरता परवाना आणला आणि अनुभव पाहून २०१७ मध्ये ती मर्यादा १०० केली. दोन्हीकडे माणसं मोजून नियम केला गेला. तेवढंच मी मागते आहे.

आपल्याकडे स्थानिक संस्थेला हे झेपेल का, असा प्रश्न येईल. जीएसटीच्या घटनादुरुस्तीनंतर करमणूक कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने पंचायती आणि नगरपालिका-महापालिकांपुरताच ठेवला आहे. ज्या संस्थेला करमणुकीवर कर लावता येतो, तिला आपल्या वॉर्डातली साठ खुर्च्यांची जागा तपासताही यायला हवी. बालगंधर्व रंगमंदिरापासून गडकरी रंगायतनपर्यंत मोठी नाट्यगृहं महापालिकाच चालवतात, प्रेक्षागृह म्हणजे काय हे तिथल्या माणसांना समजतं. परवाना देण्याचा अंतिम अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, तो तिथेच राहू दे. पण अर्ज एकाच खिडकीत वॉर्ड कार्यालयात घ्यावा, उत्पादन शुल्क, पोलीस आणि अग्निशमन यांनी जागेची पाहणी एकाच दिवशी मिळून करावी, दारावर फलक लावून शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्यात आणि निर्णय ठरावीक मुदतीत लेखी द्यावा. नकार असेल तर कारणासह.

आगीच्या बाबतीत मात्र तिळभरही सूट देऊ नका. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये १४ माणसं गेली. आमच्या जागा जुन्या असतात, पडदे कापडाचे असतात, वायरिंग आम्ही स्वतः वाढवत नेतो. परवान्याच्या निमित्ताने दर वर्षी कुणी येऊन दुसरं दार उघडतं का आणि पडद्याला अग्निरोधक लेप आहे का हे पाहणार असेल, तर त्याचं मी स्वागत करेन. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले आणि त्यानंतर पब-बारवर मोठी कारवाई झाली. ती व्हायला हवी होती. पण अशी प्रत्येक लाट आली की सरसकट सगळ्यांच्या कार्यक्रमांचे अर्ज पडून राहतात, आणि तालीम करून बसलेली पोरं मला विचारतात, ताई, शनिवारचा प्रयोग आहे ना? त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं. छोट्या कलाजागांचा वर्ग कागदावर वेगळा असता तर कारवाई करणाऱ्यालाही कुठे जायचं आणि कुठे नाही हे कळलं असतं.

शुल्क किती असावं हे तुम्ही ठरवा. माझी सूचना एवढीच की ते खुर्चीमागे असावं आणि छोट्या जागेच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त नसावं. सुरुवात दोन-तीन शहरांत, वर्षभरासाठी, मोजक्या जागांवर करा. त्या वर्षात पोलिसांकडे आलेल्या तक्रारी, शेजाऱ्यांची मतं आणि जागांचे जमाखर्च तिन्ही जाहीर करा. आमचे हिशेब आम्ही उघडे ठेवू. माझ्या वह्या मी आत्ताही द्यायला तयार आहे.

मसुदा काढलात तर हरकती-सूचनांसाठी तो मराठीत आणि प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावा, म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकाही तो वाचतील आणि त्यांना जे म्हणायचं ते म्हणतील. सुनावणीला मी येईन, माझी चित्रकार मैत्रीण येईल, आणि मला माहीत आहे की इतर शहरांतले रंगमंचवालेही स्वखर्चाने येतील. फक्त ती शनिवार-रविवारी ठेवू नका, आमचे प्रयोग असतात.

आपली विश्वासू,
एका छोट्या रंगमंचाची चालक